अकरा नंबरचं आभाळ

नामा कंपाउंड, गाळा नं. १, अंजूर
६ मार्च २०२५

केसरीदादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, खोडलं. कागद बदलला नाही. खोडलेलं तुला दिसू दे.

आठ वर्षांपूर्वी आपल्या खारीच्या भातशेतात भरावाचे डंपर उतरत होते आणि मी पहिल्या डंपरपुढे उभी राहिले होते, तेव्हा सगळ्या ड्रायव्हरांसमोर तू म्हणालास, “रूपा, हक्कसोडावर सही झाली तुझी. आता काय बोलायचा असंल तो लेखी दे.” त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही. लेखीही दिलं नाही. आता देते.

काल रिक्षातून उतरले तर गेटवर तुझा फलक. ‘वसंत चित्रनिवास. निसर्गाच्या कुशीत पंचवीस दिवस.’ खाली तू, पांढरा शर्ट, हात जोडलेले, आणि मागे पोपटी भाताचं शेत. मार्च महिन्यात अंजूरला भात पोपटी असतो का रे? आक्काच्या पोटची आपण दोनच लेकरं. दोघांनीही त्या चिखलात लावणी केली आहे. तुझा फोटो काढणाऱ्याला माहीत नसेल, पण तुला तर माहीत होतं. आणि खरं शेत कुठे आहे तेही माहीत होतं: त्या फलकाच्या खाली, बारा फूट मुरुमाखाली.

तर आम्ही सहा चित्रकार तुझ्या गोदामात राहतो आहोत. गाळा नंबर एकला चुना लावून खाटा टाकल्या आहेत. रोज सकाळी बाहेर बसून वसंतातलं एक निसर्गचित्र करायचं आणि पाडव्याला प्रदर्शन. मुंबईहून आलेला मनोज नावाचा मुख्य माणूस सगळं बघतो. तो आपल्या बावीला ‘हेरिटेज विहीर’ म्हणतो.

मी का आले? आधी ‘शाळेतून बिनपगारी रजा मिळाली म्हणून’ असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. रजा मी मागितली, हट्टानं मागितली. मला बाव बघायची होती. सही करताना मी एकच गोष्ट मागितली होती, तीही तोंडी. बाबांनी खणलेली बाव बुजवायची नाही आणि तिच्यावरचा पांगारा तोडायचा नाही. तू आक्काच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणालास.

काल पाहिलं. बाव आहे. कप्पी आहे, दोर नवा आहे. पांगारा अंगावर एक पान न ठेवता लालभडक फुललाय आणि साळुंक्यांनी कल्ला मांडलाय. चारी बाजूंनी निळे पत्रे, मध्ये हे एवढंच. तू शब्द पाळलास. त्याचाही मला राग आला, आणि का आला ते कळलं नाही.

तुझं घर इथून दोनशे पावलांवर असेल. मी येणार नाही. पत्र वॉचमनकडे देते आहे.

रूपा

१० मार्च

केसरीदादा,

उत्तराची अपेक्षा नव्हती, तरी दोनदा गेटवर चक्कर मारली. हे मी माझ्या रोजवहीत लिहिलंय, तर तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

पाच दिवसांत पाच चित्रं झाली आणि पाचही बिघडली. मी जलरंगात काम करते. कॉलेजापासूनची सवय आहे, जिथलं चित्र तिथलंच पाणी घ्यायचं. गणेशपुरीला कुंडाचं घेते, खाडीवर गोड्या झऱ्याचं. शाळेतल्या पोरांनाही तेच शिकवलंय. इथे बावीचं घेते. रंगूबाई शेंदून देते, “घे बाय, तुझा रंगाचा पानी.” रंगूबाई सकाळी तुझ्या घरची धुणी-भांडी करते आणि दुपारी आमचा स्वयंपाक, हे तुला ठाऊक आहेच.

पण आभाळ जमत नाही. निळा रंग पसरवला की अर्ध्या मिनिटात दूध नासल्यासारखा फाटतो. बारीक कण होऊन कडेला साचतात. आधी वाटलं कागद दमट आहे. मग वाटलं रंगाची नळी जुनी आहे. काल वाटलं, हात गेला. पंधरा वर्षं पोरांच्या वहीतली मोरांची चित्रं तपासून हात गेला असणार. एक सबंध संध्याकाळ मी ह्यावर रडले आणि त्यातली थोडी शिवी तुलाही दिली. आपल्या शेतात बसून आपलं आभाळ रंगवता येत नाही म्हणजे काय?

दुसरी गोष्ट. इथे प्यायला आणि स्वयंपाकाला वीस लिटरचे जार येतात. मी मनोजला म्हटलं, एवढी बाव असताना जार कशाला? तो म्हणाला, “ताई, मालकांनी स्ट्रिक्टली सांगितलंय. विहीर फक्त दिसायला.” रंगूबाई म्हणाली, तुझ्या घरीही दिवाळीपासून जारच.

म्हणजे बापाच्या बावीचं पाणी आता तुला चालत नाही. गावातल्या निम्म्या सोयरिका त्या पाण्याच्या चवीवर जमल्या, असं बाबा म्हणायचे. पाहुण्यांना आधी पाणी, मग पोहे. आणि तुला प्लास्टिकचा जार लागतो. एवढा मोठा झालास का रे?

रूपा

१५ मार्च

केसरीदादा,

काल धुळवड झाली. परवाच्या होळीला तू नारळ घेऊन आला होतास, मी मागे बायकांत उभी होते. तू पाहिलंस. मीही पाहिलं की तू पाहिलंस.

आज सकाळी बावीत वाकले तर पाण्यावर गुलाबी साय. उन्हात मोरपिसासारखे रंग सरकत होते. माझ्या आधी रंगूबाईनं पाहिलं होतं आणि तिनं वाडीतल्या पोरांना रांगेत उभं करून झाडायला सुरुवात केली होती.

“बावीन रंग कोनी टाकला? बोला. हात दाखवा.”

“आम्ही न्हाय टाकला, आजी.”

“मग काय पांगाऱ्यानं टाकला? त्याचे फुलांचा रंग सुटला काय?”

“सुटला असंल!”

त्या पोराला पाठीत धपाटा मिळाला. मीही पोरांवर ओरडले. शिक्षिका आहे ना, ओरडायची संधी सोडत नाही. बावीत रंग टाकणं म्हणजे काय हे मी त्यांना दहा मिनिटं सुनावलं. एक मुलगी शेवटपर्यंत म्हणत राहिली, “बाई, आईची शप्पथ, न्हाय.” तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

त्याच पाण्यात ब्रश बुडवून अकरावं चित्र केलं. रंगात रंग गेलाय, एक दिवस धुळवडीचं आभाळ काढू, असं मनाशी म्हटलं. आणि दादा, ते चित्र झालं. आभाळ नेहमीसारखं फाटलं, पण या वेळी फाटलेल्या निळ्यामधून गुलाबी वर आलं, पांगाऱ्याच्या फांद्यांमागे सबंध हवा कणाकणानं पेटल्यासारखी दिसायला लागली. मी असं काही आयुष्यात केलेलं नाही. मनोज मागे उभा राहिला, वाकून त्यानं कागद जवळून पाहिला. मग म्हणाला, “ताई, हे टेक्स्चर कसं आणलंत?”

मी हसले.

रूपा

१९ मार्च

केसरीदादा,

हे पत्र नीट वाच.

मी कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. एकाच कागदाच्या. एकाच नळीतला निळा घेतला. एका भांड्यात जारचं पाणी, दुसऱ्यात बावीचं. जारच्या पाण्यावर रंग लख्ख पसरला, नवरात्रातल्या आभाळासारखा. बावीच्या पाण्यावर नासला. तीनदा केलं. माझा हात गेलेला नाही. कागद चांगला आहे. पोरांनी बावीत काहीही टाकलेलं नव्हतं.

मग मी गाळा नंबर सातच्या मागे गेले. तिथे तुझा भाडेकरू रिकामे ड्रम आणतो, केमिकलचे, डाइंगवाल्यांचे. ते आतून धुवायचे, घासायचे आणि पुन्हा विकायचे. धुतलेलं पाणी एका खड्ड्यात सोडतात. खड्ड्यापासून बावीचा कठडा माझ्या नऊ पावलांवर आहे. ही पावलं मी मोजली.

एक माणूस ड्रममध्ये अर्धा आत वाकून घासत होता. मी बावीकडे हात करून विचारलं, हे पाणी वापरता का? त्यानं डोकं बाहेर काढलं.

“उधर का पानी मत लेना मॅडम. हाथ जल जाएगा.”

“आप लोग क्या पीते हो?”

“अभी तो रोज़ा है. वैसे घर से बोतल लाते हैं.” आणि हसून म्हणाला, “सेठ ने खुद बोला था, कुएँ से पीना मत.”

सेठनं स्वतः सांगितलं होतं.

मी ज्या जारांवरून तुला श्रीमंतीचे टोमणे मारले ते आता मला वेगळे दिसतात. दिवाळीपासून. म्हणजे तुला पाच महिने माहीत आहे. तू स्वतःच्या घरी जार लावलेस, आमच्यासाठी जार लावलेस, कामगारांना सांगितलंस आणि बावीला नवा दोर बांधलास. फोटोत चांगली दिसावी म्हणून? की मला दिलेला शब्द पाळण्यासाठी? बाव बुजवायची नाही एवढंच मी म्हटलं होतं. तिच्यात विष सोडायचं नाही, हे लेखी घ्यायला विसरले.

शुक्रवारपर्यंत तो खड्डा बंद कर. बावीवर पाटी लाव, पाणी वापरू नये म्हणून. नाही केलंस तर मी लिहिण्याशिवाय आणखी काय करेन ते मलाही माहीत नाही, पण करेन.

रूपा

२३ मार्च

केसरीदादा,

शुक्रवार गेला. पाटी नाही. सात नंबरमागे आज सकाळीही ड्रम वाजत होते.

आणि तू आलास. चार पाहुणे, दोन गाड्या. भिंतींवर आमची कामं टांगली होती. तू माझ्यापासून चार हातांवर उभा होतास. पत्राबद्दल डोळ्यांनीसुद्धा काही बोलला नाहीस. अकरा नंबरपाशी थांबलास. एक पाहुणा म्हणाला, “क्या बात है, ये तो सोने का पानी लग रहा है.” तू माझ्याकडे न बघता त्याला म्हणालास, “आमचे बहिनीनं काढलाय.”

हे तू का म्हणालास? राग नीट धरून ठेवला होता मी. दोन्ही हातांनी. त्या एका वाक्यानं माझी पकड ढिली झाली आणि त्याबद्दल तुझा जास्त राग आला.

त्याच पाहुण्यानं मला विचारलं, असा इफेक्ट कसा येतो? तुझ्या देखत विचारलं. मी म्हणाले, “जुनं तंत्र आहे.”

संध्याकाळी मनोज आला. “ताई, मालकांना अकरा नंबर हवंय. हॉलमध्ये लावायला. कॅटलॉगच्या कव्हरला तेच छापलंय, फोटो काढून ठेवलाय, देऊन टाका.” मी दिलं. स्वतः कागदात गुंडाळून दिलं.

तुला पत्रात सुनावते आणि पाहुण्यांसमोर तंत्र म्हणते. हे वाक्य मी तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा असंच आलं.

२६ मार्च, दुपार

दादा,

घाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घे.

जेवणानंतर रंगूबाई माझ्याशेजारी भांडी घासत होती. मी तिला म्हटलं, बावीला हात लावू नकोस, त्यात केमिकल आहे. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“काय बोलतंस बाय?”

“खरं तेच. सात नंबरवाले सोडतात.”

“मग आक्का?”

“आक्काला काय? घरात जार आहे ना.”

ती रडायला लागली. सांगायला तयार नव्हती, आक्कानं तिला शपथ घातली होती. आक्का जारचं पाणी पीत नाही, दादा. दिवाळीपासून एक थेंब प्यालेली नाही. वहिनी ग्लास भरून ठेवते तो ती तुळशीला घालते. रंगूबाई रोज सकाळी पदराखाली एक कळशी घेऊन मागच्या दारानं येते आणि आक्काच्या खोलीतल्या माठात ओतते. आक्का म्हणते, “जारचे पानीला चवच न्हाय. मेल्याचे तोंडान टाकायचा पानी तो. मना माझी बाव पायजे.” आणि, “केसरीला सांगू नको. त्याला वाईट वाटंल.”

तुला वाईट वाटेल म्हणून.

रंगूबाई म्हणाली, आक्काला महिनाभर तोंडात फोड आहेत. जेवण जात नाही. पाय सुजतात. तू तिला डॉक्टरकडे नेलंस, तो म्हणाला उष्णता आहे, पाणी भरपूर प्या. ती भरपूर पिते आहे.

तू काय केलंस ते तुला समजलं का? बाव खराब आहे हे तू गल्लीतल्या कामगाराला सांगितलंस. वॉचमनला सांगितलंस. मुंबईहून आलेल्या परक्या माणसाला सांगितलंस. आक्काला फक्त नाही सांगितलंस, कारण तिला सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, कशानं खराब झाली? आणि सगळ्या गावासमोर विचारलं असतं. तुझी एवढी गोदामं, एवढ्या गाड्या, आणि त्या एका म्हातारीच्या प्रश्नाला तू घाबरलास. घाबरट. लहानपणी कैरी मी पाडायची आणि झाडाखालून पळून जायचास तू. अजून पळतोयस.

आता माझं. १९ तारखेच्या पत्रात मी ‘पट्ट्या कापल्या’ असं लिहिलं, कधी कापल्या ते लिहिलं नाही. त्या मी १६ला कापल्या. १५ला अकरावं चित्र झालं, १६ला मला पाण्याचं कळलं. त्याच दुपारी सात नंबरमागेही गेले, त्या माणसाशी बोलले. आणि त्यानंतर १७ला, १८ला मी त्याच पाण्यानं बारावं आणि तेरावं चित्र केलं. जाणूनबुजून. पुन्हा तसं आभाळ यावं म्हणून. रंगूबाईलाही सांगितलं नाही, कारण तिनं पाणी शेंदायचं बंद केलं असतं. १९ला जे पत्र लिहिलं तेही दोन चित्रं पुरी झाल्यावर. त्या प्रत्येक दिवसाची एक कळशी आक्काच्या माठात गेली. १६पासून आजपर्यंतच्या कळशा माझ्या आहेत. त्याआधीच्या तुझ्या.

जाताना रंगूबाईनं आणखी एक सांगितलं. तुझी गाडी पुसताना तिला माझी पत्रं दिसली. पुढच्या खणात, रबर लावून. “एकपन फोडलेला न्हाय, बाय.”

मग हे पत्र मी कोणाला लिहितेय? एकोणीस तारखेचं पत्र तू वाचलेलंच नाहीस. तू वाचलंस आणि गप्प बसलास असं समजून मी सात दिवस तुझा द्वेष केला. आक्का तिकडे माठाशी बसली असेल, हे वाक्य लिहिते आहे तेवढ्यात तिनं एक पेला

उठते.

भिवंडी
३० मार्च, पाडवा

केसरीदादा,

वरचं पत्र अर्धंच आहे, तसंच सोबत जोडलंय. हे सगळं आजच माणसाच्या हाती येईल, पोचवहीत सही करून घ्यावं लागेल. गाडीच्या खणात टाकण्याआधी निदान सही कर.

त्या दुपारचं तू तुझ्या परीनं लक्षात ठेवशील. मला जसं घडलं तसं लिहून ठेवायचं आहे, कारण परवा ते परक्या माणसांसमोर सांगावं लागणार आहे.

तुझं घर एकशे चाळीस पावलांवर आहे. मी दोनशे म्हणत होते.

वहिनीनं दार उघडलं. “वन्सं! या, या, पाय धुवा,” म्हणून ती गोंधळून गेली. हॉलमध्ये तू फोनवर होतास. तुझ्या डोक्यावर भिंतीला अकरा नंबर, सोनेरी चौकटीत. समोर आक्का दिवाणावर, मांडीवर पितळी तांब्या. मी पिशवीत दोन्ही पट्ट्या आणल्या होत्या. सगळं कसं सांगायचं ते रस्ताभर ठरवलं होतं, आधी रंगाचं, मग ड्रमचं, मग खड्ड्याचं. तू खोटं म्हणशील, मी पट्ट्या दाखवीन. यातलं काही तोंडातून आलं नाही. आठ वर्षांनी मी तुझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, “दादा, आक्का बावीचं पाणी पिते.”

तू फोनवर हात ठेवलास. “कोन बोलला? तिला जार लावलाय मी.”

“त्या तांब्यात बावीचं आहे. रोज असतं. दिवाळीपासून.”

आक्का माझ्याकडे बघून हसली, चोरी पकडल्यासारखी, आणि तांब्या तोंडाला लावला. आणि तू धावलास, दादा. टीपॉय ओलांडून. तिच्या हातातला तांब्या तू असा उडवलास की तो समोरच्या भिंतीवर आपटला.

“केसऱ्या! मना मारतंस?”

“नको पिऊ! आक्का, नको पिऊ तो, थूक, थूक!”

तू गुडघ्यावर बसून शर्टाच्या बाहीनं तिचं तोंड पुसत होतास. पाण्यात काय आहे हे त्या खोलीत तोपर्यंत कोणीही म्हटलं नव्हतं. मी नाही, वहिनीनं नाही. माझ्या पट्ट्या पिशवीतच राहिल्या.

आक्काला काही कळेना. ती म्हणत होती, “तुझे बापानं खनलेली बाव हाय ती. तिचा पानी वाईट कसा व्हईल? आँ? रूपा, तू तरी सांग त्याला.” मी सांगितलं नाही. तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “त्यालाच विचार.” हे क्रूर होतं. आजही मला ते बरोबर वाटतं.

 मान वळवून मला विचारलंस, “तुला कवा कललं?”

“सोळा तारखेला.”

“मंग धा दिवस काय करत व्हतीस?”

“चित्रं,” मी म्हणाले.

आपण दोघं त्या ओल्या फरशीवर एकमेकांकडे बघत राहिलो. माझ्याकडे असलेल्या सगळ्या शिव्या तेव्हा संपल्या होत्या. तुझ्याकडे होत्या का? तूही दिली नाहीस.

त्या दिवशी मला वाटलं, झालं. आता हा खड्डा बुजवील, प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात जाईल, बावीचा उपसा करून घेईल. मी आक्काला घेऊन इथे घरी आले. दुसऱ्या दिवशी सामान आणायला परत गेले, तर सात नंबरला कुलूप. खड्ड्यावर ताजा मुरूम. बावीवर फळ्या ठोकलेल्या. आणि गेटवर तो ड्रम घासणारा माणूस उभा, ईद चार दिवसांवर आणि काम गेलेलं. “मॅडम, आपने बोला क्या सेठ को?” मी हो म्हणाले. तो म्हणाला, “अच्छा किया.” आणि तिथेच उभा राहिला. ड्रम कुठे गेले विचारलं तर म्हणाला, शेलार गावाच्या बाजूला, सेठच्या दुसऱ्या जागेत.

आक्का बाहेर निघाली म्हणून आता कुठेही सोडलं तरी चालेल, असं का? शेलारला बावी नाहीत? तिथे कोणाची आक्का नाही? तुझ्या घाबरण्यावर मला दया आली होती, ती मी परत घेते.

आज पाडव्याचं प्रदर्शन होतं. माझी सगळी चित्रं मी कालच उतरवली. मनोज कपाळाला हात लावून म्हणाला, “ताई, कॅटलॉग छापून आलाय! कव्हरवर तुमचं आभाळ आहे!” मी म्हणाले, कॅटलॉगची एक प्रत मलाही लागेल. प्रत्येक चित्राच्या पाठीवर तारीख आणि ‘पाणी: नामा कंपाउंड, गाळा सातजवळची बाव’ असं लिहिलंय. तक्रारीचा कागद तयार आहे. त्यात तुझं नाव आहे, भाडेकरूचं आहे, माझंही आहे, १६ ते २६ मार्च या तारखांसकट. चित्रांसोबत पट्ट्या जोडल्यात, आणि दोन बाटल्या पाणी, फळ्या ठोकण्याआधी रंगूबाईनं शेंदून ठेवलेलं. आक्काचं रक्त तपासायला दिलंय.

अकरा नंबर परत पाठव. तेही जोडायचं आहे.

आक्का माझ्याकडे नळाचं पाणी पिते आणि नाक मुरडते. “औषधाचा वास मारतंय.” फोडांवर मलम लावताना आज म्हणाली, “केसरीला इचार, बाव कवा साफ करतंय. मी तवाच जाईन.” तुझ्यावर ती रागावलेली नाही. ते काम तिनं मला दिलंय बहुतेक.

तक्रारीच्या कागदावर खाली एक जागा रिकामी आहे. पाण्याची स्थिती प्रत्यक्ष माहीत असलेल्या दुसऱ्या माणसाची सही. रंगूबाई अंगठा द्यायला तयार आहे. मी तिला थांब म्हटलंय. तिचं पोट तुझ्या घरावर आहे, आणि तिला पाण्याचं फक्त चार दिवसांपासून माहीत आहे. दिवाळीपासूनचं माहीत असलेला माणूस एकच आहे.

तिथे तुझं नाव मी लिहिणार नाही. मी एकदा तुझ्या कागदावर सही केली होती, न वाचता, तू म्हणालास म्हणून. तू वाचून कर.

उद्या सोमवारी ईदची सुट्टी आहे. मंगळवारी अकरा वाजता मी कार्यालयाच्या पायरीवर असेन. साडेअकरापर्यंत थांबेन, मग रंगूबाईचा अंगठा घेऊन आत जाईन. तांब्याही आणते आहे. त्याला एका बाजूला खोल पोचा आलाय आणि आक्का म्हणते, ज्यानं पाडला त्यानंच ठोकून आणावा.

रूपा